जेलमधल्या माणसाला तातडीनं भेटायचंय? खास मुलाखतीचा अर्ज कसा करायचा, समजून घ्या

घरातला माणूस जेलात गेला की बाहेर घरच्यांची फरफट सुरू होते. एक दिवसाची मजुरी बुडवायची, पहाटेची एसटी धरून नाशिकरोड, हर्सूल नाहीतर येरवडा गाठायचं आणि गेटवर ऐकायचं, "आज तुमची मुलाखत नाही." आपल्या भागातल्या कितीतरी लोकांना हा अनुभव आहे.

जेलात भेटीला 'मुलाखत' म्हणतात. ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेतच होते. पण आई-बाप अत्यवस्थ असतील, घरात मयत झाली असेल किंवा तसंच तातडीचं काम असेल, तर कारागृह अधीक्षकांकडे जादा मुलाखतीचा अर्ज करता येतो.

आधी हे विचारून घ्या

माणूस पोलीस कोठडीत असेल तर जेलचा संबंध नाही. तिथं तपास अधिकारी किंवा कोर्टाकडे विचारावं लागतं. न्यायालयीन कोठडी मिळाली की तो कारागृहात जातो. केस चालू असलेला तो कच्चा कैदी, शिक्षा लागलेला तो पक्का. दोघांच्या मुलाखतीचे नियम वेगळे आहेत. कैद्यांची बदलीही होते, म्हणून तो सध्या कुठल्या जेलात आहे याची खात्री करूनच निघा.

अर्जात काय लिहायचं?

अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. 'मा. अधीक्षक' असं लिहून पुढं कारागृहाचं नाव टाका. मग हे लिहा:

- कैद्याचं पूर्ण नाव, गाव, माहीत असेल तर कैदी क्रमांक किंवा केस नंबर
- तुमचं नाव, नातं, मोबाईल नंबर
- भेट का हवी, कधी हवी आणि सोबत कोण येणार

कारणाचा पुरावा जोडा. आजारपण असेल तर दवाखान्याचा कागद, मयत असेल तर मृत्यूचा दाखला. आधार कार्ड आणि नातं दिसेल असं रेशन कार्डही लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आतल्या माणसालाही तिथून अर्ज करायला सांगा, म्हणजे दोन्हीकडून मागणी जाते.

मोबाईलवरून नोंदणी

केंद्र सरकारच्या 'ई-प्रिझन्स' पोर्टलवर 'ई-मुलाकात' म्हणून सोय आहे. तिथं तुमची आणि कैद्याची माहिती भरायची, राज्य आणि जेल निवडायचं आणि प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओ कॉल ते टाकायचं. जेलनं मंजुरी दिल्यावरच निघा. म्हाताऱ्या माणसांना, लांबच्या गावच्यांना व्हिडिओ कॉल सोयीचा पडतो. भाडं वाचतं आणि तोंडही दिसतं.

लेकरांसाठी 'गळाभेट'

एरवी मधे जाळी किंवा काच असते. राज्यातल्या काही कारागृहांत शिक्षा लागलेल्या कैद्यांसाठी 'गळाभेट' कार्यक्रम घेतात. त्यात लहान मुलांना आत नेऊन आई-वडिलांना जवळ बसून भेटू देतात. हा कार्यक्रम रोज नसतो. पुढचा कधी आहे आणि मुलांच्या वयाची अट काय, हे जेलात विचारा आणि कैद्याला आत नाव द्यायला सांगा.

गेटवर हे लक्षात ठेवा

ओळखपत्र मूळ घ्या. मोबाईल, तंबाखू, पुडी काहीही आत नेऊ नका. मनाई असलेली वस्तू आत नेणं गुन्हा आहे. गेटवर झडती घेऊ दिली नाही तर भेट नाकारता येते.

आणि मुलाखतीला फी नसते. "साहेबाशी ओळख आहे, हजार-दोन हजार द्या, भेट करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

अर्ज नाकारला तर?

कारण लेखी मागा. कच्चा कैदी असेल तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज देता येतो. घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्येच फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सांगितलंय. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

जवळच्या नात्यात मयत झाली तर शिक्षा झालेल्या कैद्याला घरी येण्यासाठी अभिवचन रजाही, म्हणजे पॅरोल, मागता येते. तो अर्ज वेगळा असतो. मयतीचा निरोप आणि दाखला लवकरात लवकर जेलात पोचवा, इथं एकेक तास मोलाचा असतो.

गावात अशा घरांशी लोक बोलायचं टाळतात. ही माहिती मात्र त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.