नऊशे किलोंची ओढ

आल्याआल्या त्यांनी हार्पला हात लावला नाही. हत्यारांची पेटी दाराशी ठेवली, कोट काढला आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून ते हार्पच्या मानेकडे बघत राहिले. सुतार फळीचा बाक बघतो, तसे. मग स्टुलावर चढले आणि वरून, तारांच्या रेषेत खाली पाहिलं. या नुसत्या बघण्यात दहा मिनिटं तरी गेली असतील.

"मान डावीकडे कलली आहे," ते म्हणाले. "पण वयाच्या हिशेबात ठीक आहे."

हार्पचं वय पस्तीस. आमच्याकडे येऊन त्याला चार वर्षं झाली. आम्ही वेल्समध्ये, स्वान्सीला राहतो. इथल्या भाषेत हार्पला तेलिन म्हणतात आणि ते फक्त मोठ्या ऑर्केस्ट्रात दुरून दिसणारं वाद्य नाही. शाळेत शिकवतात, गावातल्या स्पर्धांत मुलं वाजवतात, हार्पच्या धूनवर वेगळ्याच चालीत कविता गायची इथे जुनी रीत आहे. माझ्या लेकीने नवव्या वर्षी शाळेतल्या छोट्या हार्पवर बोटं ठेवली. पंधराव्या वर्षी हे मोठं, सात पेडलांचं हार्प आम्ही सेकंडहँड घेतलं.

सुरात ती ते रोज स्वतःच लावते. हे गृहस्थ येतात ते निराळ्या कामासाठी. त्याला रेग्युलेशन म्हणतात. वर्ष-दोन वर्षांतून एकदा करून घ्यावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. मागच्या खेपेला मी कामावर गेले होते. या वेळी रजा काढली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. माझं लहानपण मिरजेचं. शाळेची वाट सतारमेकर गल्लीतून जायची. भोपळ्यावर वाकलेल्या माणसांचे हात बघत उभं राहायची सवय तेव्हापासूनची.

हार्पला 47 तारा. साडेसहा सप्तकांचा पल्ला. उंची माणसाहून थोडी जास्त, वजन 40 किलोंच्या आसपास. आणि या 40 किलोंच्या वाद्यावर सगळ्या तारांची मिळून ओढ असते जवळपास 900 किलोंची. हे दोन आकडे मला आधी वाचून माहीत होते, पण त्यांचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. तारा मानेच्या मधोमध नसतात, वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगाला असतात. त्यामुळे मान वर्षानुवर्षं त्या अंगाला पिळत जाते. खाली त्याच तारा तबलीच्या मधल्या पट्टीतून निघतात. तबली स्प्रूसच्या लाकडाची, वरच्या टोकाला अगदी पातळ, खाली येईल तशी जाड होत जाणारी. तारा तिला सतत वर खेचतात आणि ती फुगते.

त्यांनी पोलादी पट्टी तबलीवर आडवी धरली. पट्टी मध्येच टेकली. दोन्ही टोकांखालून उजेड दिसला.

"तबलीला पोट आलंय. हे वाईट का?" मी विचारलं.

"नव्या हार्पचा आवाज आवळलेला असतो," ते म्हणाले. "तबली उचलली जाते तसा तो उघडतो. पुढे कधीतरी ती चिरते. मधली वर्षं आपली."

व्हायोलिन शंभर-दोनशे वर्षं मुरतं आणि त्याचं मोल वाढतं. हार्पच्या नशिबी ते नाही. ज्या ओढीने ते बोलतं, तीच ओढ त्याला वाकवत असते. तार सैल सोडली तर लाकूड वाचेल, पण मग ते वाद्य राहणार नाही. त्या माणसाचं सगळं काम या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत चालतं. तो हार्पला पुन्हा तरुण करायला येत नाही. ते जितकं वाकलंय तितकं मान्य करून, त्या वाकलेल्या अंगानेच ते खरं बोलेल, एवढं करून जातो.

हार्प गादीवर आडवं करून त्यांनी तळाची फळी उघडली. आत सात पेडलांचे दांडे आणि त्यांच्या स्प्रिंगा. डाव्या पायाला तीन पेडलं: डी, सी, बी. उजव्या पायाला चार: ई, एफ, जी, ए. प्रत्येक पेडलाला तीन खाचा, आणि खाचांत लाकडावर धातू आपटू नये म्हणून फेल्ट. ते जुने फेल्ट त्यांनी चिमट्याने एकेक काढून ओळीने वर्तमानपत्रावर ठेवले. डीचं जवळजवळ कोरं. एफचं आणि बीचं दाबून पापडासारखं झालेलं. लेक काय काय वाजवते हे त्यांनी विचारलं नव्हतं. फेल्टांवर ते लिहिलेलंच होतं.

पेडल दाबलं की काय होतं, हे आधी सांगायला हवं. हार्पला पियानोसारख्या काळ्या पट्ट्या नाहीत. एका सप्तकात सातच तारा. सी तारा लाल, एफ तारा काळ्या, नाहीतर त्या जंगलात बोटांना वाट सापडणार नाही. मधले अर्धे सूर पायांनी काढायचे. पेडलाला जोडलेली सळई पुढच्या पोकळ खांबातून वर चढते आणि मानेतल्या पितळी पट्ट्यांमधल्या सांध्यांना हलवते. एफचं पेडल दाबलं की खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या एफ तारांपाशी एकेक चकती फिरते. चकतीवर दोन छोटे खुंट असतात. तार त्यांच्या मधून जाते. चकती फिरली की खुंट तारेला चिमटीत धरतात, तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर अर्ध्या पायरीने चढतो. पेडल आणखी एक खाच खाली नेलं की दुसरी, खालची चकती फिरते, आणखी अर्धी पायरी. ते म्हणत होते फ्लॅट, नॅचरल, शार्प. माझ्या कानात त्याचं आपोआप कोमल, शुद्ध, तीव्र होत होतं, आपल्या शास्त्राप्रमाणे ते तंतोतंत जुळत नसलं तरी.

बव्हेरियातल्या होखब्रुकर यांनी 1720 च्या सुमारास पेडलं आणली तेव्हा पेडलाने एकच पायरी चढता येत असे. दोन पायऱ्यांची युक्ती सेबास्तियां एरार यांची. स्ट्रासबुर्गला जन्मलेला हा पियानो बनवणारा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लंडनला आला आणि तिथे 1810 मध्ये त्याने या रचनेचं पेटंट घेतलं. आमच्या बैठकीत उघडून पडलेलं यंत्र मुळात त्याचंच. वेल्समध्ये मात्र लोकांनी याच अडचणीवर दुसरा तोडगा जपला होता: तारांच्या तीन रांगांचं हार्प, तेलिन देइरेस. बाहेरच्या दोन रांगा सारख्या सुरांच्या, मधली अर्ध्या सुरांची. बोट दोन तारांमधून आत घालून मधली तार छेडायची. ना पेडल, ना चकती. नॅन्सी रिचर्ड्स (1888-1979) यांनी ते वादन जिप्सी हार्पवाल्यांकडून उचललं आणि पुढच्या पिढीपर्यंत पोचवलं. माझी लेक आता ते शिकायचं म्हणते आहे.

दुपारी खरं काम सुरू झालं. हार्प उभं केलं, सगळी पेडलं वरच्या खाचेत घेतली, म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या. त्यांनी सगळं वाद्य एकदा सुरात लावलं. ध्वनी मोजणारं यंत्र हार्पच्या पाठीच्या एका भोकाला चिमट्याने लावलं होतं. त्याच्याकडे बघत होते, पण मान थोडी कलती करून, कान लावूनही. या हार्पवर सगळ्यात खालच्या दोन तारांना आणि सगळ्यात वरच्या एकीला चकत्या नाहीत. उरल्या 44. प्रत्येकीचे तीन सूर. म्हणजे 132 सूर तपासायचे.

तिसऱ्या सप्तकातली जी तार घ्या. (हार्पवाले सप्तकं वरून खाली मोजतात.) कोमल बरोबर. पेडल एक खाच खाली, शुद्ध: काटा रेषेच्या किंचित डावीकडे, सूर उतरलेला. तार मानेवरून खाली येताना एका पितळी टेकूवरून येते. तो टेकू त्यांनी सैल केला आणि कणभर वर सरकवला. किती? मी डोळे बारीक करून बघत होते, मला हलल्याचं दिसलंसुद्धा नाही. मोकळी तार तेवढी लांब झाली, म्हणून ती पुन्हा सुरात आणली. आता शुद्ध नेमका बसला. पेडल आणखी खाली, तीव्र: चढलेला. खालच्या चकतीचा स्क्रू ढिला करून ती त्यांनी अशी फिरवली की खुंटांची पकड थोडी हलकी व्हावी. पुन्हा छेडली. बसला. मग परत कोमलपासून, तिन्ही. तेवढ्या वेळात मी एक कप चहा संपवला होता आणि ते एका तारेवरून शेजारच्या तारेवर गेले होते.

सगळ्या जी तारांच्या चकत्या एकाच पेडलाने फिरतात, ही त्यातली खरी मेख. एकीची पकड सैल आणि दुसरीची घट्ट असेल तर पाय एकच, पण सूर दोन तऱ्हेचे. मान पिळली की प्रत्येक तारेचं चकतीपासूनचं अंतर थोडं थोडं बदलतं आणि कुठलीही दोन सारखी बदलत नाहीत. म्हणून काही टेकू त्यांनी आत ढकलले, काही बाहेर ओढले, तार दोन खुंटांच्या बरोबर मधून जावी म्हणून. मान सरळ करता येत नाही. तारांना तिच्याशी जुळवून घ्यायला लावायचं.

एक तार मात्र ऐकेना. चौथ्या सप्तकातली ई. सूर तिन्ही ठीक, पण प्रत्येक वेळी मागून एक बारीक खर्र यायची. त्यांनी आधी भिंतीवरच्या फोटोंच्या चौकटी उतरवायला लावल्या, खिडकीची कडी घट्ट करायला सांगितली. खर्र होतीच. मग लेकीला तीच तार पुन्हा पुन्हा छेडायला बसवलं आणि स्वतः अंगठ्याने हार्पला जागोजागी दाबत गेले. खांबावर, आतली सळई आपटते का म्हणून. मानेच्या पितळेवर. शेजारच्या तारांवर. शेवटी पाठीच्या भोकातून हात आत घातला आणि लेकीला म्हणाले, "आता." सूर स्वच्छ आला. आत तारेच्या गाठीचं एक शेपूट पेटीच्या भिंतीला टेकत होतं. अर्ध्या बोटाचं. कात्रीने कापलं.

मला त्या क्षणी मिरज आठवली. तिथे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसतो, तारेखाली सुताचा दोरा इकडे-तिकडे सरकवत राहतो, ते तारेने घोडीला निसटतं टेकावं म्हणूनच. ते टेकणं साधलं की जवारी खुलते, आणि तारेतून सूर झऱ्यासारखा सुटतो. तिथे तासन् तास घालवून जे आणायचं, ते इथे तासभर शोधून हुसकावून लावलं. पण दोघांचे हात मी बघितले आहेत आणि ते हात एकाच जातीचे आहेत: कणभर सरकवायचं, ऐकायचं, परत कणभर.

चारच्या सुमारास त्यांनी सँडविच खाल्लं. तेव्हा मी त्यांना मोबाइलवर भाज्याच्या लेण्यांचा फोटो दाखवला. लोणावळ्याजवळ, दोन हजार वर्षांहून जुनं कोरीव काम. विहाराच्या व्हरांड्यात हत्तीवरच्या मोठ्या मूर्तीच्या खालच्या बाजूला झाडाखाली बसलेला राजा आहे, समोर नाचणारी एक स्त्री, आणि तिच्याजवळ धनुष्यासारखी वीणा छेडणारी दुसरी. आपल्याकडे वीणा म्हणजे आधी हेच होतं. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर तो मांडीवर घेऊन वाजवतो तेही हेच. आपल्याकडे ते वाद्य मागे पडलं, पण ब्रह्मदेशात त्याच कुळातलं सोळा तारांचं साउंग आजही वाजवतात.

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "खांब नाही," ते म्हणाले.

खांब नाही, खरंच. वाकवलेली एक दांडी आणि तिला जोडलेलं पोट. दांडी मोकळी, तारांसोबत वाकणारी, म्हणून ओढही माफक, आवाजही जवळ बसून ऐकायचा. युरोपात कुणीतरी तिसरी बाजू बंद केली, मान आणि पेटी यांच्यामध्ये खांब रोवला, आणि मग तारा ताणायला मोकळीक मिळाली. त्या एका खांबातून पुढचं सगळं आलं: मोठा आवाज, मोठी सभागृहं, पोकळ खांबातून जाणाऱ्या सळया. आणि ही 900 किलोंची ओढही.

शेवटी तार बदलणं राहिलं होतं. तिसऱ्या सप्तकातली ए. तिचे धागे सुटायला लागले होते. खालच्या डझनभर तारा धातूच्या असतात, वरच्या काही नायलॉनच्या, पण मधल्या सगळ्या आतड्याच्या. मराठीत आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, तात. आमच्या दारात पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीला तीच असायची. कापसावर तिचा तुण् तुण् आवाज मला अजून ऐकू येतो. मी नवी तार बोटांत धरून पाहिली. गुळगुळीत, पिवळसर, किंचित पारदर्शक. त्यांनी ती लेकीच्या हातात दिली. "तू लाव. मी बघतो."

तिने तार तबलीच्या भोकातून आत सोडली, पाठीच्या भोकातून तिचं टोक बाहेर काढलं, जुन्या जाड तारेचा तुकडा अडसर म्हणून घालून गाठ मारली, ओढून बसवली, वर खुंटीत ओवली आणि चावी फिरवायला लागली. शेपूट आखूड कापलंय ना, हे त्यांनी आत बोट घालून पाहिलं.

ते गेले तेव्हा अंधारलं होतं. जाताना हार्प रेडिएटरपासून आणखी दूर ठेवायला सांगून गेले. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड सुकतं. ते मला ठाऊक असायला हवं होतं, चार हिवाळे ते तिथेच उभं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते खिडकीच्या अलीकडच्या कोपऱ्यात हलवलं.

जेवण झाल्यावर लेक वाजवायला बसली. दोन ओळी वाजवल्या आणि थांबली. नवी ए उतरली होती, चांगली पाव पायरी. तिने चावी घेतली, वर आणली. भांडी घासून मी परत आले तोवर पुन्हा उतरलेली.

"किती दिवस असं?" मी विचारलं.

"आठवडा तरी, आई. ताणली जातेय अजून," ती म्हणाली, आणि चावी तिने खुंटीवरच राहू दिली.