शाळिग्राम आणि जीवाश्मांचा क्रयविक्रय

हिंगोली जिल्ह्याची भूमि बहुतांशीं काळ्या पाषाणाची आहे. हा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून आलेला व थिजलेला शिलारस होय. अशा पाषाणांत प्राण्यांचे अवशेष टिकण्याचा संभव थोडा. तथापि नरसी किंवा औंढा नागनाथ या क्षेत्रांच्या पंचक्रोशींतील जुन्या वैष्णव घराण्यांच्या देव्हाऱ्यांत डोकावल्यास एक अस्सल जीवाश्म पुष्कळदां आढळतो. तो म्हणजे शाळिग्राम.

शाळिग्राम नेपाळांतील काली गंडकीच्या पात्रांतून येतो. मुक्तिनाथाच्या परिसरांतील काळ्या थरांत सुमारें पंधरा कोटि वर्षांपूर्वींच्या सागरी प्राण्यांचीं सर्पिल कवचें गोट्यांच्या रूपानें बद्ध झालेलीं आहेत. शास्त्रज्ञ या प्राण्यास अमोनाइट म्हणतात. गोटा फुटला म्हणजे कवचाचा जो ठसा दिसतो, तेंच भाविकाचें चक्र. हीं चक्रें वज्रकीट नांवाचा किडा कोरतो अशी जुनी समजूत आहे. दगडांतील आकृति कोणा जीवामुळें झाली एवढें तींत बरोबर होतें, हें मौजेचें खरें.

आश्चर्य याचें कीं, जीवाश्माच्या विक्रीविषयींचा निषेध आपल्याकडे पुराणांतच आढळतो. शाळिग्रामाचें मोल ठरविणारा, विकणारा, विक्रीस संमति देणारा व पारख करून संतोष पावणारा, या सर्वांस पद्मपुराणानें नरकवास सांगितला आहे. व्यवहारांत मूल्याऐवजीं दक्षिणा हा शब्द घालून पळवाट काढली गेली, ती गोष्ट वेगळी. हा निषेध वस्तूच्या पावित्र्यासाठीं होता, ज्ञानासाठीं नव्हे. म्हणून शाळिग्राम उत्तम जपला गेला, परंतु तो कोणत्या थरांतून निघाला हें आज कोणासहि सांगतां येत नाहीं. भूशास्त्राच्या दृष्टीनें तो मुका झाला.

हें मुकेपण किती घातक ठरूं शकतें याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. पंजाबांतील एका विद्यापीठाच्या प्राध्यापकानें हिमालयांत सांपडले म्हणून प्रसिद्ध केलेले कांहीं जीवाश्म वस्तुतः परदेशचे असल्याचें ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनीं 1989 सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत दाखविलें. त्यांतील अमोनाइट मोरोक्कोंतील, दुकानांतून विकत मिळणाऱ्या जातीचे होते. स्थळाची खरी नोंद नसलेली वस्तु कोठलीहि म्हणून दाखवितां येते.

तरी व्यापाराची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लाइम रेजिस येथें मेरी ॲनिंग या गरीब स्त्रीनें जीवाश्म विकूनच पोट भरलें. तिनें ते वेचले नसते तर समुद्रानें ते फोडून टाकले असते. जर्मनींतील खाणींत निघालेला पिसांचा आर्किऑप्टेरिक्स ब्रिटिश म्युझियमनें 1862 सालीं इतर नमुन्यांसह 700 पौंडांस घेतला. आजचे भाव मात्र निराळेच आहेत. 2024 सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत एका स्टेगोसॉरसच्या सांगाड्यास 4 कोटि 46 लाख डॉलर आले. खरेदीदारानें तो पुढें तेथील संग्रहालयास कांहीं वर्षांपुरता दिला हें खरें. परंतु उद्यां परत जाऊं शकणाऱ्या नमुन्यावर संशोधन उभारण्यास शास्त्रज्ञ कचरतात, आणि असल्या किमतीशीं सरकारी संग्रहालय स्पर्धा करूं शकत नाहीं.

हिंगोलीच्या काळ्या पाषाणाचा विस्तार पूर्वेस जेथें संपत येतो, तेथें त्याखालचे जुने थर उघडे पडतात. वरोऱ्याजवळील पिसदुरा हें त्यांपैकीं प्रसिद्ध गांव. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून तेथें महाकाय सरड्यांचीं हाडें मिळत आलीं आहेत, आणि शेतांतून त्या काळच्या प्राण्यांची दगड बनलेली विष्ठाहि मिळते. बाजारांत हा गोटा गंमतीची वस्तु म्हणून विकला जाईल. परंतु वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच गोटा प्रयोगशाळेंत विरघळविला, तेव्हां त्यांत गवताचे सूक्ष्म सिकताकण निघाले. डायनोसॉरांच्या काळींहि गवत होतें हें त्यांनीं 2005 सालीं त्यावरून सिद्ध केलें. गोटा पिसदुऱ्याच्या थरांतला आहे ही नोंद नसती, तर त्या कणांचा काळ कशावरून ठरविला असता?

आतां पुन्हां आपल्या नद्यांकडे वळूं. गोदावरीच्या गाळांत, नांदूर मधमेश्वर येथें मिळालेल्या हत्तीच्या कवटीचें वर्णन पिल्ग्रिम यांनीं 1905 सालीं प्रसिद्ध केलें. पैठणजवळ मुंगी येथें वाइन यांस अकीकाची मानवनिर्मित छिलका मिळाली होती, तीहि अशाच गाळांत. हिंगोली जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा त्याच गोदावरीस मिळते. तेव्हां वाळू उपसतांना किंवा विहीर खणतांना तिच्या कांठीं असें हाड वर येणें अशक्य नाहीं. 1972 च्या पुरावशेष कायद्याचा रोख मुख्यतः मनुष्यकृतींवर आहे. डिसेंबर 2022 मध्यें केंद्रीय खाणमंत्रालयानें भूवारशासंबंधीं विधेयकाचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यांत जीवाश्मांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु मसुद्यानें वाळूच्या घाटावरील मजुराच्या हातांतलें हाड वांचत नाहीं.

त्या मजुरास शोधाचें बक्षीस मिळावें, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे; फुकट द्यावें लागणार असेल तर तो तें हाड फेकून देईल किंवा फिरत्या व्यापाऱ्यास देईल. मात्र बक्षीस हाडाच्या आकारावर न देतां नोंदीवर द्यावें: गांव, नदीचा कोणता कांठ, जमिनीपासून किती हात खोल, भोंवतीं वाळू कीं चिकणमाती, आणि दिवस. शाळेंतील शिक्षकास एवढी नोंद करून, छायाचित्रासह भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नागपूर येथील कार्यालयाकडे पाठवितां येईल.