टॉपच्या पुढचा गिअर

अमेरिकन मसल कारच्या चाहत्यांत एक समजूत घट्ट बसली आहे. खरी मसल कार म्हणजे मोठं व्ही-एट इंजिन आणि हाताने टाकायचे चार गिअर. ब्रेक बदलले, टायर बदलले, कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन घातलं तरी फारसं कुणी बोलत नाही. पण ‘फोर-स्पीड’ उतरवून तिथे आजचा पाच-सहा गिअरचा बॉक्स चढवला की गाडी बाटली, असा सूर लागतो. मला ही समजूत उलटी वाटते. चार गिअर हा त्या गाड्यांचा स्वभाव नव्हता. ती कारखान्याने गिऱ्हाइकाला घातलेली अट होती, आणि ती किती गैरसोयीची होती हे त्या काळच्या ऑर्डर फॉर्मवरूनच दिसतं. पॉन्टियाकने १९६४ साली टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंची, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन घालून जीटीओ काढली. तिच्यात मूळ किमतीत मिळायचा तो तीन गिअरचा बॉक्स. चौथ्या गिअरचे पैसे वेगळे मोजावे लागत. ज्याला आज परंपरा म्हणून पुजलं जातं, तो तेव्हा जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता.

खरी मेख त्या फॉर्मवर पुढे होती. गिऱ्हाइकाला मागच्या अॅक्सलचं, म्हणजे क्राउन-पिनियनचं प्रमाण निवडावं लागे. शेव्रोलेच्या ३९६ घनइंची इंजिनाच्या गाड्यांना हे प्रमाण ३.०७ पासून ४.१० पर्यंत आणि त्याच्याही पुढे मिळत असे. ४.१० म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक. जनरल मोटर्सचा मन्सी, फोर्डचा टॉपलोडर, क्रायस्लरचा ए-८३३ आणि बोर्गवॉर्नरचा टी-१० या त्या काळच्या चारही नामांकित बॉक्समध्ये टॉप गिअर थेट होता, इंजिनाचा एक फेरा तर शाफ्टचाही एकच. त्यामुळे हमरस्त्यावर इंजिन किती फिरणार हे सर्वस्वी क्राउन-पिनियनवर ठरत होतं. २६ इंची टायर धरून हिशेब करा. ताशी ११३ किलोमीटरला ४.१० चं अॅक्सल इंजिनाला मिनिटाला ३,७०० फेरे मारायला लावतं. ३९६ चा स्ट्रोक ९५.५ मिलिमीटरचा, म्हणजे पिस्टन सेकंदाला सरासरी पावणेबारा मीटर धावतो आहे, आणि तेही तासन् तास. इंजिनाला हे झेपतं. माणसाच्या कानांना आणि पेट्रोलच्या टाकीला झेपत नाही. ३.०७ घेतलं तर फेरे २,८०० वर येतात, पण मग सुटताना जोर कुठून आणायचा? मन्सीच्या एम-२१ या प्रकारात पहिला गिअर २.२० चा. ४.१० शी गुणला तर चाकाला इंजिनाच्या टॉर्कची नऊपट मिळते, ३.०७ शी गुणला तर पावणेसातपट. पाव मैलाची शर्यत मारायची की दुसऱ्या गावी जायचं, हे गाडी विकत घेतानाच ठरवावं लागे. आणि एकदा ठरलं की ठरलं.

ओव्हरड्राइव्हची युक्ती तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती असंही नाही. इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारं बोर्गवॉर्नरचं यंत्र तीन गिअरच्या बॉक्समागे जोडून अमेरिकन गाड्यांत १९३० च्या दशकापासून मिळत होतं. पण ते काटकसर करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी होतं. पेट्रोल स्वस्त होतं, जाहिराती पाव मैलाच्या वेळेवर चालत होत्या, आणि सात-सात लिटरच्या इंजिनांचा मार सोसेल असा ओव्हरड्राइव्हचा बॉक्स त्या किमतीत बनवायची गरज कुणाला भासली नाही. १९७३ च्या तेलसंकटाने ती भासवली. १९७४ मध्ये अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि १९७५ मध्ये क्रायस्लरने आपल्याच ए-८३३ चा ओव्हरड्राइव्ह अवतार काढला: ३.०९, १.६७, १.००, ०.७३. हे आकडे नीट पाहिले तर अडचण कुठे होती ते कळतं. गिअर चारच ठेवून शेवटचा ओव्हरड्राइव्हला दिला, तर थेट गिअर तिसऱ्या जागी येतो आणि पहिल्या-दुसऱ्यात एवढी दरी पडते की दुसरा टाकल्यावर इंजिन धापा टाकतं. चार पायऱ्यांत दोन्ही कामं बसत नाहीत. आपल्याकडे हौशीने ‘देशी मसल कार’ म्हटल्या जाणाऱ्या कॉन्टेसालाही पाचवा गिअर मिळाला तो इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आल्यावर. तोवर अँबेसेडरचं दीड लिटरचं इंजिन ते धूड ओढत होतं.

पाचवी आणि सहावी पायरी जोर सोसणाऱ्या स्वरूपात आली ती बरीच नंतर. बोर्गवॉर्नरचा सहा गिअरचा टी-५६ हा १९९२ च्या डॉज वायपरमध्ये आणि पाठोपाठ १९९३ च्या कॅमारोमध्ये बसला. पुढे हा धंदा मेक्सिकोतल्या ट्रेमेकने घेतला. ही कंपनी केरेतारोत सुरू झाली तेही १९६४ सालीच. जीटीओ आणि तिच्या भावी गिअरबॉक्सवाल्यांचा जन्म एकाच वर्षीचा. आज जुन्या गाड्यांत मुख्यतः दोन बॉक्स बसतात: ६०० पौंड-फूट टॉर्कची क्षमता असलेला पाच गिअरचा टीकेएक्स आणि ७०० पौंड-फूटवाला सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम. टीकेएक्सचा एक संच घ्या, ज्यात पहिला गिअर २.८७ आणि पाचवा ०.६८ आहे, आणि त्याला ३.५५ चं सौम्य अॅक्सल जोडा. सुटताना गुणाकार १०.२ भरतो, म्हणजे ४.१० वाल्या शर्यतीच्या गाडीहूनही जास्त. आणि ताशी ११३ ला पाचव्यात इंजिन जेमतेम २,२०० फेऱ्यांवर, पिस्टन सेकंदाला सात मीटरवर. ऑर्डर फॉर्मने जे दोन पर्याय एकमेकांविरुद्ध उभे केले होते, ते एकाच गाडीत नांदतात. मूळ इंजिन, मूळ वजन, मूळ आवाज सगळं तसंच. फक्त गिऱ्हाइकावरची सक्ती गेली.

हे काम बोल्ट काढले, बोल्ट लावले इतकं सोपं नाही, आणि ते फसतं तेव्हा दोष बहुधा बॉक्सवर जातो. बेल हाउसिंगचंच पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला हा घंटेसारखा कास्टिंगचा भाग. त्याच्या मधल्या भोकात गिअरबॉक्सचा पुढचा कॉलर बसतो. ते भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यावं लागतं, पाच हजारांश इंचाच्या आत. म्हणून फ्लायव्हीलवर चुंबकी बुडाचा डायल गेज बसवतात, त्याची सुई भोकाच्या कडेला टेकवतात आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवतात. गेज दाखवतो तो आकडा प्रत्यक्ष सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो, हे विसरणारे बरेच. चूक निघाली तर इंजिनाच्या पाठीवरच्या सरळ डॉवेल पिना काढून मध्यापासून सरकलेल्या पिना ठोकायच्या आणि पुन्हा मापायचं. जुना मन्सी बराच तिरकसपणा पोटात घालत असे. नव्या बॉक्सची मापं काटेकोर, त्यामुळे हेच दुर्लक्ष तिथे गिअर अडण्यात आणि बेअरिंग खाण्यात दिसतं. प्रोपेलर शाफ्टचंही तसंच. लांबी बदलते म्हणून तो कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो, आणि गिअरबॉक्सची मागची रेषा व पिनियनची रेषा समांतर ठेवाव्या लागतात. आधी ३,७०० फेऱ्यांच्या गडगडाटात जी थरथर दबून जात होती, ती इंजिन शांत झाल्यावर सीटमधून वर येते. थरथर नवी नसते. ऐकू येणं नवं असतं.

पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही: जुन्या बॉक्सची मजा वेगळी. मन्सीच्या एम-२२ ला ‘रॉक क्रशर’ म्हणत, कारण त्याच्या दात्यांचा तिरपा कोन कमी ठेवला होता. त्याने बाजूचा दाब कमी झाला, ताकद वाढली आणि गिअर किंचाळू लागले. ती किंकाळी आजच्या बॉक्समध्ये नाही. बाहेरून तीन दांड्यांनी गिअर हलवणाऱ्या हर्स्ट शिफ्टरचा धातूचा खटका पण नाही. नव्या बॉक्समध्ये सगळं आत असतं आणि दुपदरी-तिपदरी सिंक्रोमुळे, म्हणजे गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्यांमुळे, गिअर मुकाट्याने पडतो. हे नुकसान आहे. पण कशाचं? तासाभराच्या फेरफटक्यात जे गंमत वाटतं, तेच चार तासांच्या प्रवासात गाडी घरी ठेवायचं कारण होतं. जी मजा गाडीला रस्त्यावरच येऊ देत नाही, तिचं वजन किती धरायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मी कमी धरतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. जुना बॉक्स ठेवून त्याच्या मागे गिअर व्हेंडर्ससारखा वेगळा ओव्हरड्राइव्ह लावता येतो, प्रमाण ०.७८. किंवा नुसतं क्राउन-पिनियन बदललं तर? दुसऱ्याचं उत्तर वर आलंच आहे: एक टोक सोडून दुसरं धरणं, त्यापलीकडे काही नाही. पहिला मार्ग मात्र खरोखर चांगला आहे, विशेषतः मूळ बॉक्स जागेवर राहायला हवा असेल तेव्हा. पण ०.७८ आणि ०.६८ मधला फरक ४.१० च्या अॅक्सलवर जाणवतो, आणि झिजलेले सिंक्रो झिजलेलेच राहतात. उलट दिशेची चूकही होते. मॅग्नमच्या एका संचात सहावा गिअर ०.५० आहे. आकडा वाचून तोंडाला पाणी सुटतं, पण ३.३१ च्या अॅक्सलबरोबर तो ताशी ११३ ला इंजिन १,५०० फेऱ्यांवर आणतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट असलेलं इंजिन तिथे गचके खातं आणि मालक पुन्हा पाचव्यात येतो. ०.५० घ्यायचा तर ४.१० ठेवावं, नाहीतर ०.६३ चा संच बरा.

उरला मूळपणाचा मुद्दा, आणि इथे मला माघार घ्यावी लागते, पण थोडीच. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकन गाड्यांच्या गिअरबॉक्सवरही गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकलेले सापडतात. जुळत्या क्रमांकाचा बॉक्स हा दस्तऐवज असतो. २०१४ मध्ये सिएटलला मेकमच्या लिलावात १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली, कारण अमेरिकेत त्या वर्षी हातगिअरच्या अशा दोनच विकल्या गेल्या होत्या. तिथे चार गिअरचा बॉक्स हीच किंमत आहे, त्याला हात लावणारा मूर्ख. पण हा युक्तिवाद जुळते क्रमांक असलेल्या गाड्यांपुरता. ड्रॅग स्ट्रिपवर पहिला बॉक्स फोडून दुसरा-तिसरा बसवलेल्या, किंवा कारखान्यातून ऑटोमॅटिकच निघालेल्या असंख्य गाड्यांना तो लागू नाही. तिथे जे काढायचं ते मूळ नाहीच. आणि जिथे मूळ आहे तिथेही प्रश्न बॉक्सचा कमी, जमिनीच्या पत्र्याचा जास्त. बॉक्स उतरवून ठेवता येतो, परत चढवता येतो. टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा जमिनीच्या पत्र्याचा फुगवटा, कापून परत जोडलं तरी वेल्डिंगची रेघ राहते. ६७ ते ६९ च्या कॅमारोत मॅग्नम घालायचा तर टनेल कापावंच लागतं. २०२० साली आलेला टीकेएक्स मुद्दाम लहान केसिंगमध्ये, शिफ्टरच्या निरनिराळ्या जागांसह बनवला गेला, तो याच पत्र्याला कात्री कमीत कमी लागावी म्हणून. जुळत्या क्रमांकाची गाडी चालवण्याची हौस असेल तर सहाव्या गिअरचा मोह सोडून हा पाच गिअरचा घ्यावा, आणि तोही टनेल न कापता बसत असेल तरच.