काळी माती, खारं पाणी

अकोल्याहून अकोटकडे निघालं की गांधीग्रामला पूर्णा आडवी येते. दोन्ही काठांना नजर पोहोचेल तिथवर काळी जमीन. उत्तरेला गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधला हा सखल भाग, जुन्या कागदपत्रांतला पयनघाट. डोंगरांतून वाहून आलेला गाळ या खचलेल्या खोऱ्यात थरावर थर साचत गेला. पूर्णा त्यातून पश्चिमेला वाहत चांगदेवपाशी तापीला मिळते.

याच गाळाने कपाशी पोसली आणि कपाशीने अकोला. मोर्णाकाठचा असदगड औरंगजेबाच्या काळातला, पण आजचं शहर घडवलं ते कापसाने आणि रेल्वेने. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर इकडे वळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली तेव्हा अमेरिकेतली लढाई संपून गेली होती. पण मुंबई बंदराची वाट कायमची उघडली होती. जिन-प्रेस उभे राहिले, अडत्ये आले, कापसाच्या बंड्यांनी रस्ते भरले. बाजाराला शिस्त लावणारा कायदाही वऱ्हाडात लवकर झाला, 1897 साली.

वऱ्हाडाची ओळख कापसावरून सांगायची आपल्याला सवय आहे. मला ती विहिरीवरून सांगावीशी वाटते. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. इथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. पिकाला द्यावं तर त्यातला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, मातीतल्या फटी बुजतात, पाऊस आत मुरत नाही. पाऊस जास्त झाला की शेत चिबडतं, उघडीप पडली की भेगाळतं. सोन्यासारखी जमीन आणि पायाखाली पाणी असूनही इथला शेतकरी कोरडवाहूच राहिला. कपाशी, तूर, मूग, ज्वारी आणि ओलीवर येणारा हरभरा, सगळी भिस्त आभाळावर.

त्यामुळे कृषी विद्यापीठ विदर्भातच हवं, यासाठी 1967 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, याचं मला नवल वाटत नाही. 20 ऑक्टोबर 1969 रोजी ते अकोल्यात सुरू झालं. पापळच्या शेतकरी घरातून देशाच्या कृषिमंत्रिपदापर्यंत गेलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव त्याला मिळालं. कपाशीचे वाण ही या विद्यापीठाची ठळक ओळख. माझ्या लेखी मात्र खारपाणपट्ट्यातलं काम तितकंच मोलाचं आहे. जमिनीत जिप्सम घालणं, उताराला आडवी पेरणी, शेततळ्यात साठवलेल्या पावसाचं संरक्षित ओलित. ज्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, तीच शेततळ्यात ते धरून ठेवते.

गोडं पाणी आहे ते डोंगरांच्या पायथ्याशी. अकोला शहर दक्षिणेकडच्या महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं. उत्तरेकडच्या 84 खेड्यांची योजना सातपुड्यातल्या वान नदीवर चालते. वानचं पाणी अकोल्याला नेण्याची योजना निघाली, तेव्हा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शहराची तहान खरी आहेच. पण तेल्हाऱ्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि वानच्या कालव्याला तिथल्या विहिरी पर्याय होऊ शकत नाहीत.