इनॉक पॉवेल आणि शेजारच्या माणसाचा प्रश्न

सनातनी राजकारणी म्हटला की तो अडाणी, तापट आणि चार पुस्तके न वाचलेला असणार, अशी आपल्या कार्यकर्त्यांत एक सोयीची समजूत आहे. ती मोडायची असेल तर ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांची कारकीर्द तपासावी. आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी तर ती मुद्दाम तपासावी, कारण विद्वत्तेचा दबदबा आम्हालाच सर्वांत जास्त वाटतो.

पॉवेल १९१२ साली बर्मिंगहॅमला जन्मले. वडील शाळामास्तर. केंब्रिजला ग्रीक-लॅटिन शिकून वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते सिडनी विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक झाले. महायुद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाले आणि ब्रिगेडियर होऊन बाहेर पडले. १९४३ ते १९४६ ते हिंदुस्थानात होते. इथे उर्दू शिकले आणि एके दिवशी इथला व्हाइसरॉय होण्याचे स्वप्न बाळगून राहिले. १९४७ ने ते स्वप्न मोडले. १९५० साली ते वुल्व्हरहॅम्प्टन नैर्ऋत्य मतदारसंघातून निवडून आले आणि १९७४ च्या फेब्रुवारीपर्यंत तिथले खासदार राहिले.

आता त्यांच्या खात्यावरची जमेची बाजू. ती लपवून वाद जिंकता येत नाही. १९५९ च्या मार्चमध्ये केनियातल्या होला छावणीत माऊ माऊ चळवळीच्या अकरा कैद्यांना पहारेकऱ्यांनी मारून मारून ठार केले, कारण त्यांनी सक्तीच्या कामाला नकार दिला होता. पाणी पिऊन मेले, असे सरकारी यंत्रणेने आधी सांगून पाहिले. २७ जुलैच्या रात्री हाउस ऑफ कॉमन्समध्ये पॉवेल आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध उभे राहिले. आफ्रिकेत एक मापदंड, आशियात दुसरा आणि घरी तिसरा, असे राज्य चालवता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. मेलेली माणसे कोणत्या लायकीची होती यावरून त्यांच्या मरणाचा न्याय ठरवणे भयंकर आहे, असे त्यांनी सभागृहाला सुनावले. ते भाषण आजही वाचावे असे आहे. फाशीची शिक्षा रद्द करण्याच्या बाजूनेही त्यांनी मत दिले. १९६० ते १९६३ ते आरोग्यमंत्री होते. त्या काळात ब्रिटनची सरकारी इस्पितळे वेस्ट इंडीजच्या नर्सेस आणि भारत-पाकिस्तानचे डॉक्टर यांच्या आधाराने चालत होती, हे मंत्र्याला माहीत नसणे शक्यच नव्हते.

मग १९६८ उजाडले. १९६५ च्या पहिल्या वंशसंबंध कायद्याने हॉटेलांसारख्या सार्वजनिक जागी भेदभावाला बंदी केली होती. घर आणि नोकरी मात्र त्यातून सुटली होती. घरमालक तोंडावर दार लावत होता, फोरमन अर्ज परत करत होता, आणि कायदा हात बांधून उभा होता. (आडनाव विचारून खोली नाकारण्याचा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.) ही उणीव भरून काढणारे विधेयक मजूर पक्षाच्या सरकारने आणले. त्या सरकारचेही हात स्वच्छ नव्हते. केनियातून निघालेल्या आशियाई लोकांना अडवणारा कायदा त्याने त्याच वर्षी तीन दिवसांत उरकला होता.

विधेयक चर्चेला येण्याआधी तीन दिवस, २० एप्रिलला, पॉवेल बर्मिंगहॅमच्या मिडलंड हॉटेलात बोलले. व्हर्जिलच्या महाकाव्यातला रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीचा दाखला त्यात होता, म्हणून ते ‘रक्ताच्या नद्यांचे भाषण’ म्हणून ओळखले जाते. पण नदीपेक्षा त्या भाषणाची कारागिरी पाहावी. सर्वांत विषारी वाक्ये पॉवेल स्वतःच्या तोंडाने बोलतच नाहीत. एक मतदार सांगतो की पंधरा-वीस वर्षांत या देशात चाबूक काळ्याच्या हातात असेल. कुणाच्या तरी पत्रातून एका गोऱ्या म्हातारीची कहाणी येते, काळ्यांच्या गल्लीत एकटी उरलेली. वर्तमानपत्रांनी त्यावेळी शोध घेतला, म्हातारी काही सापडली नाही. आणि चाबूक! उसाच्या मळ्यांवर तीनशे वर्षे तो कुणाच्या हातात होता, हे इतिहासाचा हा पंडित विचारत नाही.

भाषणाचा गाभा मात्र वेगळा आहे. खरा भेदभाव गोऱ्यांवर होतो आहे, आणि असा कायदा करणे म्हणजे दारूगोळ्यात काडी टाकणे, असे ते म्हणतात. म्हणजे अन्यायाविरुद्धचा कायदा हाच अन्याय ठरला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते, त्याचा सांगाडा हाच आहे.

दुसऱ्या दिवशी पक्षनेते हीथ यांनी पॉवेल यांना काढले. पण हकालपट्टी भाषेसाठी झाली. दोनच दिवसांनी पक्षाने विधेयक नाकारणारी दुरुस्ती मांडली. त्याच दिवशी लंडनच्या गोदीतले सुमारे हजार कामगार काम टाकून पॉवेल यांच्या समर्थनार्थ पार्लमेंटवर चालून आले. पाठिंब्याच्या पत्रांचा आकडा लाखावर गेला. वर्गलढा तीव्र झाला की जात आपोआप गळून पडेल असे सांगणाऱ्या मित्रांनी या मोर्चाचा विचार करावा. मुंबईच्या गिरण्यांतली विणकाम खाती अस्पृश्यांना बंद होती, हे बाबासाहेबांना मजूर पुढाऱ्यांपुढे मांडावे लागले होते.

कायदा १९६८ च्या ऑक्टोबरात झाला. पॉवेल पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत. पक्ष सोडून ते १९७४ ते १९८७ उत्तर आयर्लंडमधून अल्स्टर युनियनिस्ट म्हणून खासदार राहिले, आणि १९९८ साली वारले.

होलाचे पॉवेल आणि बर्मिंगहॅमचे पॉवेल ही दोन माणसे आहेत असे काहीजण मानतात. मला तसे वाटत नाही. होलाचा कैदी साम्राज्याची प्रजा होता. त्याला न्याय देण्यात राज्यकर्त्याचा मोठेपणा शाबूत राहतो, कारण तो चार हजार मैलांवर असतो. वुल्व्हरहॅम्प्टनचा काळा माणूस त्याच गल्लीत घर मागत होता, पगडी घालून त्याच बसवर ड्रायव्हर होऊ पाहत होता. तो दयेचा विषय उरला नव्हता, तो शेजारी झाला होता. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुतेचा एवढा आग्रह का धरला, ते इथे कळते. न्यायबुद्धी पॉवेल यांच्याजवळ होती, बंधुता नव्हती.

त्याच वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पंजाबातून गेलेली रविदासी आणि आंबेडकरी कुटुंबे राहतात. जातीवरून होणाऱ्या भेदभावाला समता कायद्यात स्पष्ट बंदी असावी, ही ब्रिटनमधल्या दलितांची मागणी. २०१३ साली पार्लमेंटने सरकारवर तसे बंधनही घातले. विरोधाला काही हिंदू संघटना पुढे आल्या. कायद्यात जातीचा उल्लेख केला तर नसलेली जात निर्माण होईल, असा त्यांचा युक्तिवाद. ज्यांच्या आईबापांच्या अंगावर पॉवेल यांचे भाषण आले होते, त्यांतल्याच काहींच्या तोंडी हा युक्तिवाद होता. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळ्या तरतुदीची गरज नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. त्यामुळे तिथल्या तक्रारदाराला आपली जात ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसते हे आधी न्यायालयाला पटवून द्यावे लागते, आणि अन्यायाची गोष्ट त्यानंतर सुरू होते.