होम, प्रो आणि पांढुर्णा-सौंसर

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसरचा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असं इथलं चालत आलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी त्यात फरक पडला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत पडद्यावरची इंग्रजी तेवढी वाढली. लॅपटॉप घ्यायचा तर आजही बरेच जण नागपूरला, सीताबर्डीच्या बाजारात जातात. तिथं रॅम विचारतात, प्रोसेसर विचारतात, घासाघीस करतात. आत विंडोज कोणती आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि या भागातल्या माणसाला त्या मशीनवर आपली भाषा कितपत वापरता येईल, हे बरंचसं त्यावरच ठरत आलं आहे.

सुरुवात एक्सपीपासून करू. ऑक्टोबर २००१ मध्ये ती आली तेव्हा आवृत्त्या ढोबळमानाने दोनच होत्या, होम आणि प्रोफेशनल. इकडच्या दुकानांत जी सीडी हाताशी असेल ती चढवली जायची, आणि ती बहुधा प्रोफेशनलची नक्कल असायची. देवनागरीची सोय विंडोज २००० पासूनच आलेली होती. त्यातला ‘मंगल’ फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, म्हणजे मराठी माणसाच्याच हातचा. पण एक्सपीत ती सोय मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करायची, की मशीन मूळ सीडी मागायचं. सीडी दुकानदाराकडे, दुकान नागपूरला. ती मिळेपर्यंत वेलांट्या चुकीच्या जागी बसायच्या आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. मध्य प्रदेशात कृतिदेव इतका खोलवर का रुजला, याचं एक कारण मला यात दिसतं. त्याला सीडी लागत नव्हती. एक फॉन्ट टाकला की लग्नपत्रिकेपासून तहसीलच्या अर्जापर्यंत सगळं छापून निघायचं. मात्र तोच मजकूर दुसऱ्या मशीनवर, कृतिदेव नसताना, निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा.

२००५ साली भारतात एक्सपीची स्टार्टर आवृत्ती हिंदीत आली. स्वस्त कॉम्प्युटरसाठी ती काढलेली. एका वेळी तीनच प्रोग्राम उघडायचे, चौथा उघडणार नाही. घरात दोघांची वेगळी खाती करता येत नव्हती. गरीब गिऱ्हाइकाला कमी पैशांत द्यायचं म्हणून त्याचे हात बांधून द्यायचं, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. त्यापेक्षा चोरीची प्रोफेशनल बरी, असं लोकांना वाटलं, आणि त्याचा दोष एकट्या लोकांवर टाकता येणार नाही.

व्हिस्टा इकडे फारशी रुजली नाही. २००९ ची विंडोज ७ मात्र घराघरांत पोचली. तिची होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या देशांसाठीच होती. चकचकीत काचेच्या खिडक्या त्यात नव्हत्या, पण कामाचं सगळं होतं. मराठीच्या दृष्टीने तर हा चांगला काळ. सीडीची कटकट संपली होती आणि मराठी मेनूंचा भाषा-संच फुकट उतरवून कोणत्याही आवृत्तीवर बसवता यायचा. तसं करून घेणारे थोडेच, कारण ते शक्य आहे हे कुणी सांगितलंच नाही.

पुढे दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. पहिली म्हणजे विंडोजऐवजी फ्रीडॉस घातलेले लॅपटॉप. बिलावर ते काही हजारांनी स्वस्त दिसायचे आणि विंडोज ‘आम्ही टाकून देऊ’ असं काउंटरवरच ऐकायला मिळायचं. त्या टाकून दिलेल्या विंडोजचे अपडेट बहुधा बंद करून ठेवलेले असायचे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या तेव्हा सापडली ती अशीच अपडेट न झालेली मशीन्स. दुसरी गोष्ट विंडोज ८ पासूनची, ‘सिंगल लँग्वेज’. भारतातल्या स्वस्त लॅपटॉपवर हीच आवृत्ती भरून येऊ लागली आणि आजही येते. मशीन ज्या भाषेत आलं त्याच भाषेत त्याचे मेनू राहणार, दुसरी भाषा चढवता येणार नाही. तीन भाषांत दिवस काढणाऱ्या सौंसरच्या पोराच्या हाती एकाच भाषेला बांधलेलं मशीन आलं.

पण इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सिंगल लँग्वेजचं बंधन मेनूंवर आहे, टायपिंगवर नाही. मराठीचा कीबोर्ड कोणत्याही होममध्ये, सिंगल लँग्वेजमध्येसुद्धा, फुकट जोडता येतो. इकडची मुलं सरकारी नोकरीसाठी महाराष्ट्रातली एमएस-सीआयटी नाही, तर मध्य प्रदेशची सीपीसीटी ही कॉम्प्युटर परीक्षा देतात. त्यातली हिंदी टायपिंग युनिकोडमध्ये असते, रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्टवर. ज्याने इनस्क्रिप्टवर हात बसवला, त्याला मराठी वेगळी शिकावीच लागत नाही. ‘एन’ हे इंग्रजी अक्षर नुसतं दाबलं की ल, शिफ्टसह ळ. ‘जे’ दाबला की र, शिफ्टसह ऱ, म्हणजे ‘करणाऱ्या’ नीट उमटतं. हिंदीच्या परीक्षेसाठी घेतलेली मेहनत जशीच्या तशी मराठीच्या कामी येते. इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली, वर्षभर फुकट मिळाली. होम आणि प्रोमधला फरक सामान्य माणसाला इथं पहिल्यांदा जाणवला, तो अपडेटमुळे. होमला अपडेट पुढे ढकलता येत नव्हते. फोनच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळीच उडायचा. वाय-फायला ‘मीटर्ड’ची खूण केली की तो बराचसा वाचायचा. २०१९ नंतर होमलाही काही आठवडे थांबण्याची मुभा मिळाली.

आता मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७५ टक्के मिळवणाऱ्यांच्या खात्यात राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये टाकतं. पैसे आले की घरात होम की प्रो ही चर्चा सुरू होते. माझं मत स्पष्ट आहे: होम घ्या. प्रोमध्ये जास्तीचं असतं ते डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरचं पूर्ण नियंत्रण, दुसरीकडून आपल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने शिरण्याची सोय आणि कंपनीच्या डोमेनला जोडणं. इथल्या बोरगावच्या कारखान्यात नोकरी लागली आणि हे लागलंच, तर ते मशीन कंपनी देईल. उद्या स्वतःलाच गरज पडली, तर पैसे भरून होमची प्रो त्याच मशीनवर होते, काही पुसावं लागत नाही. प्रोवर जाणारा पैसा रॅमवर घाला, ८ जीबीखाली उतरू नका. मशीन ‘एस मोड’मध्ये आलं असेल तर त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलेच प्रोग्राम चालतील, टायपिंगचा जुना ट्यूटर चालणार नाही. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ही आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरांवर सहसा अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे जुनं मशीन स्वस्तात घेताना आधी प्रोसेसरची पिढी बघा. आणि नवं घेताना बिलावर विंडोजचं आणि आवृत्तीचं नाव लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नका.