काकतालीय न्याय आणि रेडिओ

संध्याकाळची वेळ आहे. दिवाणखान्यात रेडिओ चालू असून एक विद्वान वक्ते धीरगंभीर स्वरात विचारीत आहेत, “राष्ट्राच्या उन्नतीसाठी आज कशाची आवश्यकता आहे?” इतक्यात घरातील कोणी तरी बटण फिरवतो, सुई किंचित पुढे सरकते, आणि दुसऱ्या केंद्रावरील पाककलानिपुण बाई तत्काळ उत्तर देतात, “चिमूटभर हिंग आणि चवीपुरते मीठ!” घरात हशा पिकतो, आणि ही हकीकत पुढे कित्येक दिवस आल्यागेल्यास ऐकविली जाते.

असे गमतीचे प्रसंग रेडिओ ऐकणाऱ्या घरांस अपरिचित नाहीत. आपल्या शास्त्रकारांनी त्यांस फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. ताडाच्या झाडावर कावळा येऊन बसावा आणि त्याच क्षणी ताडफळ खाली पडावे, हा काकतालीय न्याय होय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपल्या घरातील वडीलधारी माणसे म्हणत आली, ती हीच गोष्ट. परंतु अशी गाठ पडते तरी कशी, हे थोडे हिशेब करून पाहण्यासारखे आहे.

समजा, बटण फिरविल्यावर दोन केंद्रांवरील वाक्ये एकमेकांस गमतीदारपणे जुळण्याचा संभव हजारात एक आहे. एका घरी हा योग दुर्मिळच वाटेल. परंतु एखाद्या शहरात हजार घरी रेडिओ असून प्रत्येक घरी संध्याकाळभरात दहा वेळा बटण फिरविले जात असेल, तर एकंदर १०,००० वेळा सुई हालली. म्हणजे रोज सुमारे दहा घरांत हशा पिकणारच! जे एका घरी नवल, तेच शहराच्या हिशेबी नित्याचे ठरते. शिवाय, जी वाक्ये जुळली नाहीत त्यांची आठवण कोण ठेवतो? बाकीच्या ९,९९० वेळा काहीच घडले नाही, म्हणून ती कथा कोणी सांगत नाही.

येथवर सारी गंमत आहे. परंतु परगावी नोकरीवर रुजू होण्यास मुलगा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत असता रेडिओवरील गायिकेने नेमके ‘जाऊ नको’ असे आळवावे, आणि आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकावी, हेही घडू शकते. अशा वेळी तोच हिशेब स्मरावा. ते गाणे त्याच क्षणी हजारो घरांत चालू होते. त्यांपैकी काही घरांतून कोणी ना कोणी बाहेर पडत असणारच. गायिकेने कोणासही अडविले नाही. अडविले असेल तर ते ऐकणाऱ्याच्या भयाने.

तथापि, प्रत्येक चमत्कारिक गोष्ट ‘योगायोग’ म्हणून सोडून देणे हेही शहाणपणाचे नव्हे. याचे उत्तम उदाहरण युरोपात १९३३ साली घडले. हॉलंडमधील आइंडहोवन येथे टेलेगेन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील बेरोमुन्स्टर केंद्र ऐकत असता, त्या कार्यक्रमातील विरामांत लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रम स्पष्ट ऐकू येऊ लागला. बेरोमुन्स्टरची लहर ४६० मीटरची, तर लक्झेंबर्गची सुमारे १,२०० मीटरची. इतक्या दूरच्या लहरी एकमेकींत मिसळण्याचे वरवर पाहता कारण नव्हते. एखाद्याने हसून यंत्रास दोष दिला असता. टेलेगेन यांनी सुई थोडी बाजूस नेऊन पाहिले. जेथे कोणतेही केंद्र नव्हते, तेथे लक्झेंबर्गही ऐकू येईना! म्हणजे लक्झेंबर्गचा कार्यक्रम बेरोमुन्स्टरच्या लहरीवरच स्वार होऊन येत होता.

पुढील वर्षी, १९३४ साली, सिडनी येथील बेली व मार्टिन यांनी याची उपपत्ती मांडली. पृथ्वीपासून सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील विरळ हवेत सुटे इलेक्ट्रॉन असतात. लक्झेंबर्ग हे अत्यंत बलाढ्य केंद्र. त्याची लहर तेथे पोहोचली की इलेक्ट्रॉनांची चलबिचल वाढे आणि आसपासच्या कणांवर ते अधिक वेळा आदळत. केंद्रावरील आवाज जसा चढे-उतरे, तशी ही चलबिचलही कमी-अधिक होई. बेरोमुन्स्टरहून आइंडहोवनकडे जाणारी लहर लक्झेंबर्गच्या माथ्यावरील त्याच प्रदेशातून जात असल्यामुळे तिचे शोषणही त्याच तालावर बदले, आणि एका केंद्राचे गाणे दुसऱ्याच्या अंगावर उमटे. या घटनेस ‘लक्झेंबर्ग परिणाम’ असे नाव मिळाले, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या उंच थराचे ज्ञान मिळविण्याचे ते एक साधन झाले.

हिंग-मिठाचा प्रसंग आणि लक्झेंबर्गचा प्रसंग, दोन्हींचा आरंभ एकच: जे ऐकू यावयास नको, ते ऐकू आले. भेद पडतो तो परीक्षेने. पहिला प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाही. दुसरा तेच केंद्र लावताच पुन्हा अनुभवास येत होता. जे एकदाच जुळले, त्यावर मनमुराद हसावे. जे वारंवार जुळते, त्याचे कारण शोधावे. कावळा उडून गेला तरी फांद्या मोडतच राहिल्या, तर दोष कावळ्याचा नव्हे. झाडाचे मूळच तपासले पाहिजे.